आखितीपर्यंत

ज्या माणसावर माझा जीव जडला, तो मला पहिल्यांदा भेटला भोसरीच्या जत्रेत, पाळण्यात. भुवया उंचावू नका. तोवर त्याच माणसाशी माझं लग्न होऊन दोन महिने झाले होते.

सत्तावन्न सालचा चैत्र होता. चार पेट्यांचा लाकडी पाळणा, दोन गडी हातानं फिरवत होते. शेजारच्या रहमतबींनी मला जवळजवळ ओढतच त्यात बसवलं. पेटीत आम्ही दोघी, समोरची जागा रिकामी. मी बसल्या बसल्याच डोळे घट्ट मिटून घेतले. गड्यानं कुणाला तरी हाळी दिली, "या पाव्हणं, एक जागा हाय!" कुणीतरी येऊन बसलं, पाळणा वर गेला आणि मी किंचाळून समोरच्या माणसाचा हात धरला. धरला कसला... नखंच रुतवली.

"अगं... हळू!" समोरचा माणूस म्हणाला.

मी डोळे उघडले. अगंबाई! आमचे हे!

मी पदर पुढं ओढला. कारण जत्रेला जाते म्हणून मी ह्यांना सांगितलंच नव्हतं. आणि ह्यांनी मला सकाळी सांगितलं होतं, आज ओव्हरटाइम आहे म्हणून.

"ओव्हरटाइम लवकर सुटला वाटतं," मी म्हणाले.

"आणि घरी पापड लाटायचे होते ना कुणाला तरी?"

"वाळत घातलेत."

"कुठं? पाळण्यावर?"

रहमतबी पदरात तोंड खुपसून हसायला लागल्या. पेटी वर गेली की मी ह्यांचा हात धरायचे, खाली आली की सोडायचे. तिसऱ्या फेरीला सोडायचं राहून गेलं.

त्या दिवशी मी आपल्या नवऱ्याचं तोंड पहिल्यांदा धड पाहिलं. खोटं नाही सांगत. लग्नात मान खाली, मग सासरी तेरा माणसांचा राबता, आणि पिंपरीला आलो तर ह्यांची शिफ्ट! हे झोपले की मी जागी, मी झोपले की हे कारखान्यात बाटल्या धूत. इंजेक्शनं भरायचा कारखाना होता तो. हे होते बाटल्या धुवायच्या खात्यात, हंगामी. एका खोलीत राहून आम्ही एकमेकांना "जेवलीस का" आणि "जेवण झाकून ठेवलंय" याच्यापलीकडे फारसं बोललो नव्हतो. आणि आज समोर बसलेला हा सावळा माणूस हसताना एक डोळा बारीक करत होता. आणि मिशी... काय मिशी होती! काळीभोर, टोकांना जरा वर वळलेली.

"काय बघतेस?" ह्यांनी विचारलं.

"मिशी बघते. नवऱ्याची आहे ना, बघायला कुणाची परवानगी लागते?"

आता हे लाजले. पुरुष माणूस लाजतो, हे मला माहीतच नव्हतं!

ती मिशी माझ्या सासऱ्यांची. म्हणजे त्यांच्यासारखी. सोपानराव म्हणजे आमचे मामंजी, बार्शीकडचा कडक माणूस. त्यांच्या तोंडून शब्द निघायच्या आधी मिशी हलायची, आणि ती हलली की घरातली भांडीसुद्धा वाजायची बंद व्हायची. आम्हाला निरोप देताना स्टेशनावर ती हलली होती.

"रंगराव, तू हंगामी हाईस," मामंजी ह्यांना म्हणाले होते. "आखितीपर्यंत कायम झालास तर ऱ्हावा दोघं. न्हाई झालास तर मी सोता येऊन सुनंला घिऊन जाणार. परक्या गावात पोटाला चिमटा घिऊन संसार करायचा न्हाई."

आखिती म्हणजे अक्षय्य तृतीया. तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. उलट बरंच वाटलं होतं की, चला, दोन महिन्यांनी आपल्या माणसांत परत. पण भोसरीच्या पाळण्यातून उतरले आणि मला आखितीचा रागच यायला लागला.

तिथून आमचा जत्रांचा सपाटा सुरू झाला. त्या मुलखात उन्हाळा म्हणजे जत्रा. एकेका गावाचा दिवस ठरलेला, आज ह्या गावची पालखी, चार दिवसांनी त्या गावच्या कुस्त्या. रहमतबींचे मालक नूरमोहम्मदभाई यांचं सायकलींचं दुकान होतं. कोणत्या गावाला कधी काय आहे हे त्यांना तोंडपाठ, आणि त्यांच्या दुकानातली एक जुनी सायकल आम्हाला हक्काची. मी कॅरिअरवर बसले तेव्हा पिंपरीच्या फाटकात चार बायका तोंडाला पदर लावून उभ्याच राहिल्या. मलाही धस्स झालं होतं. पण उतरले मात्र नाही.

"घट्ट धर," हे म्हणाले.

"काय धरू?"

"काय म्हणजे... सीट धर."

"सीटच ना? बरं." मी सीटच धरली. पण दिघीच्या रस्त्याला खड्डे फार होते, आणि ह्यांनी एकही चुकवला नाही.

दिघीच्या जत्रेत कासारानं माझ्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या आणि सहज विचारलं, "नाव काय लेकीचं?" मी सांगायच्या आत हे म्हणाले, "शालन." माझं नाव! ह्यांच्या तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकलं. घरी मी म्हणजे "अगं" किंवा "ऐकलंस का". मी इतकी दचकले की बांगडी मनगटावरच फुटली. कासार म्हणाला, "हात हलवू नका ताई." हात कुठं हलत होता! सगळी मीच हलले होते.

मग मोशीची जत्रा. गूळ-शेंगदाणे खात आम्ही पारावर बसलो होतो. ऊन इतकं की पाराखालची कुत्रीसुद्धा जागची हलत नव्हती. हे मिशीवरून सारखं बोट फिरवत होते.

"शालन... मिशी नसती तर मी कसा दिसलो असतो?"

माझ्या हातातले शेंगदाणे खाली सांडले. "तोंडाला काही आवर आहे का? काय हे अभद्र! मामंजी शंभर वर्षं जगोत."

आमच्याकडं बाप गेला तरच मुलगा मिशी काढतो. शहरातले साहेब, मास्तर, ते खुशाल गुळगुळीत फिरोत. पण आमच्या गावात बिनमिशीचा तरणा माणूस दिसला की लोक आधी हात जोडतात आणि मग विचारतात, कधी गेले?

"तसं नाही गं," हे म्हणाले. "नुसतं विचारलं."

"नुसतंही विचारू नका."

ह्यांनी मान हलवली. मला वाटलं, विषय संपला. मी पुन्हा शेंगदाणे वेचायला लागले.

दिवस भराभरा गेले. आखिती पाच दिवसांवर आली तरी कारखान्यातून कायमच्या नोकरीचं नाव नाही. मी गाठोडं बांधून कोपऱ्यात ठेवलं. बांधताना दिघीहून जादा आणलेल्या हिरव्या बांगड्या आत टाकल्या, बाहेर काढल्या, पुन्हा आत टाकल्या. रहमतबी दारात उभ्या राहून बघत होत्या. "अगं बेटी, अजून पाच दिवस आहेत," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. बाई, नवऱ्यासाठी रडत होते मी! लग्न ठरलं तेव्हासुद्धा इतकी रडले नव्हते.

शेवटची जत्रा चाकणच्या पुढच्या एका गावची, बैलगाड्यांच्या शर्यतीची. हे म्हणाले, "तू रहमतबींबरोबर एस.टी.नं हो पुढं. मी सकाळपाळी करून सायकलनं येतो. आणि... तुला एक सांगायचंय. तिथंच सांगतो."

"आत्ता सांगा की."

"आत्ता नाही. आधी एक काम उरकायचंय."

मी वाट बघत घाटाच्या कडेला उभी. घाट म्हणजे शर्यतीचा चढ. पुढं घोडी धावायची, मागून बैल उधळत यायचे, लोक "भिर्रर्र" करून टोप्या उडवायचे आणि धुरळ्यात काही दिसायचं नाही. त्या धुरळ्यातून हे येताना दिसले. डोक्यावर टोपी, हातात सायकल. मी हात वर केला. हे जवळ आले, आणि...

ओठावर मिशी नव्हती.

काही नव्हतं! नुसती फिकट कातडी. ह्यांनी तोंड उघडलं, "शालन, कसं सांगू तुला..."

पुढचं कोण ऐकतंय! मी तिथंच धुरळ्यात बसकण मारली आणि हंबरडा फोडला.

"अहो मामंजीऽऽ! आम्हाला न सांगता कसे हो गेलात! आता आमचं कसं व्हायचं होऽऽ!"

आणि ह्यांचं काय झालं, ऐका. हे सकाळपासून कारखान्यात. ह्यांना वाटलं, घरी तार आली, ती मी घेतली, मला बातमी कळलीय. चेहरा असा पडला की बघवेना.

"आबा? आबा गेले? शालन... कधी?" आणि सायकल सोडून हे माझ्याशेजारी मटकन बसले. "मीच मारलं गं त्यांना! आज सकाळीच मी... अरे देवा, मीच मारलं!"

मला वाटलं ह्यांना तार आलीय, ह्यांना वाटलं मला. मग काय विचारता! दोघंही गळा काढून रडतोय. रहमतबी धावत आल्या. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, पण आम्हाला बघून त्यांनाही उमाळा आला आणि त्याही बसल्या. घाटावरच्या चार म्हाताऱ्या आल्या, एकीनं माझं डोकं मांडीवर घेतलं. पुरुषांनी टोप्या काढल्या. पुकारणारा मोठ्यानं म्हणाला, "गाडा जरा थांबवा रं, पाव्हण्यांच्यात मयत झालीया." जुंपलेले बैल तसेच थांबले. सबंध जत्रा माझ्या सासऱ्यासाठी गप्प झाली.

त्या शांततेत गर्दीच्या मागून एक जाडा आवाज आला.

"कोन गेलं वो?"

"त्या पोरीचा सासरा," कुणीतरी म्हणालं.

"अरारारा. कशानं गेला?"

"काय ठाव न्हाई. पर मानूस लई मायाळू असनार. सून बघा की कशी रडतीया."

"व्हय तर. नशीबवान म्हनायचा गडी."

माझं रडणं मधेच थांबलं. तो आवाज... मी मान वर केली. गर्दी बाजूला झाली. पटका काढून हातात धरलेला, मान आदरानं खाली घातलेली, मिशी जिथल्या तिथं... मामंजी!

रहमतबी "या अल्ला!" म्हणून दोन हात मागं सरकल्या. हे उठायला गेले आणि पुन्हा बसले. मामंजींनी आधी ह्यांना पाहिलं, मग मला. मग ह्यांच्या ओठाकडं पाहिलं. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की, पटका आपण स्वतःसाठीच काढलाय.

"रंग्या," ते म्हणाले. "मी मेलो व्हय रं?"

त्यांच्यामागं नूरमोहम्मदभाई कपाळाला हात लावून उभे होते. सुनेला न्यायला म्हणून मामंजी चार दिवस आधीच आले होते. खोलीला कुलूप बघून दुकानात चौकशी केली, आणि भाईंनी त्यांना ओळखीच्या मालट्रकमध्ये बसवून जत्रेला आणलं होतं.

गर्दीत कुणीतरी फिस्कन हसलं. मामंजींची मिशी हलली. हसू बंद.

"बाप जिता असताना मिशी काढलीस?"

हे टोपी चुरगाळायला लागले. "आबा... ते कारखान्यात..." एवढंच म्हणून थांबले. मी बघत राहिले. हा माणूस आता काही बोलणार नाही, आणि मी संध्याकाळी गाठोडं घेऊन बार्शीच्या गाडीत बसणार, हे मला लख्ख दिसलं. माझं डोकंच फिरलं. मामंजींसमोर मी आजवर तोंड उघडलं नव्हतं. पदर सावरून उभी राहिले.

"आधी मला सांगा, कशासाठी काढली?" मी ह्यांनाच खडसावलं. "मोठ्यानं बोला!"

"आतल्या खोलीत जागा निघाली," हे म्हणाले. "औषध भरतात ती काचेची खोली. अंगभर पांढरे कपडे, तोंडाला फडकं. साहेब म्हणाले, तुला कायम करतो, पण मिशी असलेला माणूस आत चालत नाही. एक केस जरी बाटलीत पडला तर ते औषध रोग्याला मारतं. महिनाभर मी हो म्हटलं नाही. आज शेवटचा दिवस होता. आज सकाळी काढली, सही केली आणि तडक इकडं आलो."

"कायम झालास?" मामंजींनी विचारलं.

"झालो."

"आन् मिशी ठिवली असती तर?"

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तर हिला घेऊन गेला असता तुम्ही."

सबंध जत्रेसमोर! भर उन्हात माझ्या कानाच्या पाळ्या आणखी तापल्या. माझ्यासाठी? ज्या मिशीवरून हे दिवसातून दहा वेळा हात फिरवायचे, ती माझ्यासाठी? आणि मी इथं बसून मयताला रडत होते!

मामंजींनी पटका डोक्याला गुंडाळला आणि चालत जाऊन घाटाच्या कडेला बसले. पुकारणाऱ्याला हातानं खूण केली की, सोडा गाडा. "भिर्रर्र" झालं, घोडी निघाली, बैल निघाले, धुरळा उडाला. एक गाडा गेला, दुसरा गेला. आम्ही दोघं मागं उभे, फाशीची शिक्षा ऐकायला थांबल्यागत. हे हळूच म्हणाले, "आता गं?" मी म्हणाले, "गप्प बसा."

तिसरा गाडा गेल्यावर मामंजी उठून आले.

"भाकरीत केस निघाला तर मी ताट सारतो," ते ह्यांना म्हणाले. "औषिधात तर नगोच नगो." मग माझ्याकडं वळले. "सूनबाई, गठुडं बांधलंस?"

"बांधलंय," मी म्हणाले.

"सोड."

मला कळलंच नाही. मी तशीच उभी.

"सोड म्हनलं न्हवं! आन् रंग्या, दिवाळीपातूर गावात पाऊल टाकू नगंस. तुझं तोंड बघून लोक माझ्या दारात रडाया येतील. मी आधी समद्यांस्नी सांगून ठिवतो."

ते संध्याकाळच्याच गाडीनं परत जायचे होते. बैलं शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून आले होते. त्याच ट्रकमध्ये रहमतबी बसल्या, मामंजीही चढायला लागले. मी पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, जरा वाकले आणि मला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाले, "मामंजी मामंजी म्हून रडत व्हतीस पोरी... पर हात ह्याच्या सदऱ्याला धरला व्हतास. गर्दी सरली तवाच म्या बघितलं."

ट्रक निघाला. मिशीच्या आत मामंजी हसत होते की काय, कोण जाणे!

परतीला मी सायकलच्या कॅरिअरवर. ऊन कललं होतं. मोशीच्या पुलावर इंद्रायणीचा गार वारा लागला तेव्हा हे सारखे ओठ पुसत होते.

"गार लागतंय इथं," हे म्हणाले. मग जरा वेळानं, "आबा कानात काय म्हणाले?"

"काही नाही."

"सांग की."

"म्हणाले... मी त्यांच्यासाठी रडत नव्हते."

सायकल थांबली. ह्यांनी एक पाय रस्त्यावर टेकवला, पण मागं वळले नाहीत. "मग?"

आता लपवून काय उपयोग! "मामंजी गेले असं वाटलं तेव्हा वाईट वाटलंच हो. पण पहिल्यांदा मनात काय आलं ठाऊक आहे? आता ह्यांना शेतीला परत जावं लागणार. ही खोली गेली, ही सायकल गेली. तिथं तेरा माणसांत हे मला पुन्हा 'अगं' म्हणणार. मी त्याच्यासाठी रडले. सासरा मेलेला असताना! आहे की नाही मी वाईट?"

हे वळले. बिनमिशीचा तो चेहरा मला अजून ओळखीचा वाटत नव्हता. पण हसताना एक डोळा बारीक झाला, तो मात्र ओळखीचा होता.

"शालन," हे म्हणाले. "खरं सांग. बरा दिसतो का मी?"

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात." मी बोट पुढं केलं आणि त्यांच्या ओठावरून, जिथं मिशी होती तिथून हळूच फिरवलं. मिशी होती तेव्हा एवढं धाडस झालं नव्हतं. "पण सवय करीन म्हणते. आखितीपर्यंत."

"आखितीला चारच दिवस राहिलेत."

"पुढच्या आखितीपर्यंत."

"आणि तेव्हाही नाही झाली तर?"

"मग त्याच्या पुढच्या," मी म्हणाले, आणि सीट सोडून त्यांच्या कमरेला हात घातला. "चला आता. घरी जाऊन मला गाठोडं सोडायचंय."